दोन सोडून

महापेच्या डेटा सेंटरच्या गेटवर मी नोंदवही सांभाळते.
नाव, कंपनी, आत जायची वेळ, लॅपटॉपचा नंबर, सही.
आतल्या दाराला माझं कार्ड लागत नाही.
दार उघडतं तेव्हा थंड हवेचा एक झोत
माझ्या टेबलापर्यंत येतो,
हजार पंख्यांची घरघर येते,
तेवढीच आमची ओळख, चार वर्षांची.

तुस्कानो नावाचा आतला पोरगा
एक दिवस जुनं पुस्तक ठेवून गेला.
"मागची आवृत्ती आहे, मॅडम, पण पाया तोच."

रंग आधी पाठ झाले.
पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा,
मांदेली साफ करता करता म्हणायचे,
पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.
आईला वाटलं, मी साडीच्या दुकानात लागतेय.

पत्त्यांनी मात्र छळलं.
आमच्या तळवलीत पत्ता नसतो.
रस्त्यापलीकडे सेक्टर, प्लॉट, विंग, सगळं आकड्यांत.
अलीकडे मारुतीच्या मागं, निळी टाकी,
मढवींचं घर विचारा.
पार्सलवाला गल्लीच्या तोंडाशी उभा राहून ओरडतो,
"हर्षाली मढवी कोण?"
सगळ्या खिडक्या ऐकतात, एकच उत्तर देते.
पुस्तकानं हे सहा पानांत समजावलंय, आकृतीसकट.
मी समासात लिहिलं, पार्सलवाला.

मग आलं तुकडे पाडणं.
एक जाळं घ्या, चार भाग करा,
भागात चौसष्ट पत्ते,
आता सांगा, सत्त्याहत्तर नंबर कुठल्या भागात?
रात्री दोनपर्यंत लाइटबिलाच्या पाठीवर
दोनाची दुप्पट, चाराची दुप्पट, आठाची.
पहिल्या खेपेला इथंच बुडाले.
फी माझ्या पगाराहून मोठी होती.
घरी कुणी काही बोललं नाही, ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर बाबांनी वहीत डोकावलं.
त्यांना मोजणी कळते.
सिडकोचा माणूस साखळी घेऊन खाचरात उतरला
तेव्हा दुसरं टोक यांच्या हातात दिलं होतं.
सतरा वर्षांचे होते.
आपल्याच बांधावरून त्यांनी ती ताणून धरली.
साडेबारा टक्क्यांचा हिशेब अजून बोटांवर करतात.

"एका भागात किती?"
चौसष्ट.
"सगळ्यांत माणूस ऱ्हातो?"
बासष्टात. दोन सोडून.
"मंग दोन कुठं गेले?"

किती वर्षं, किती खिडक्यांपुढं
त्यांनी हेच विचारलं असेल, याच आवाजात.

म्हटलं, पहिला कुणाला देत नाहीत,
तो त्या भागाचं नाव असतो.
शेवटचाही देत नाहीत.
त्यावर पाठवलेलं सगळ्यांना पोचतं.

बराच वेळ विडी नुसती धरून बसले.
"म्हणजे पहिला गावाचा न् शेवटचा दवंडीचा."
मग म्हणाले, "तेवढं सोडायलाच लागतं."

वाशीच्या केंद्रात घड्याळ काढून ठेवलं,
बांगड्या फिरवून पाहिल्या, चष्म्याच्या काड्या तपासल्या.
टेबलावरच्या मुलीनं वही पुढे सरकवली.
नाव, वेळ, सही.
मी तिला तिचं नाव विचारलं.
तिला सांगायला थोडा वेळ लागला. प्रतिज्ञा.

या वेळी सत्त्याहत्तर नव्हता, दोनशे तीन होता.
गाव एकशे ब्याण्णव, दवंडी दोनशे पंचावन्न.
मधे बोट ठेवलं आणि पुढे गेले.
दोन तासांनी पडद्यावर एक शब्द आला.
छापलेला कागद कोमट होता, प्रतिज्ञानं दोन्ही हातांनी दिला.

उद्या पुन्हा गेटवर.
तुस्कानो म्हणतो, शब्द टाकतो. बघू.

बाबा म्हणाले, मी कुणाला बोललो नाय.
पण संध्याकाळी निळ्या टाकीपाशी
तीन काकवांनी कळश्या खाली ठेवल्या,
मला अडवलं,
"पास झालीस ते कळलं गो,
पन ते दोन कुठं गेले, तेवढं सांग."